जंतूच्या घड्याळानं चालणारं काम

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. रोगकारक जिवाणूंवर संशोधन करायची फार इच्छा आहे, पण घरचे घाबरतात. शिवाय मलाच वाटतं, एकाच जंतूवर वर्षानुवर्षं काम करून कंटाळा येत नाही का?

उत्तर : तुला ‘तू’च म्हणते. क्षयाच्या जिवाणूबरोबर माझी चोवीस वर्षं गेली, तेव्हा त्याच्याबद्दलच सांगते.

आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू अनुकूल परिस्थितीत 20 मिनिटांत दुप्पट होतो, म्हणून रात्री पेरलेली प्लेट सकाळी भरलेली दिसते. क्षयाच्या जिवाणूला त्यासाठी जवळजवळ एक दिवस लागतो. ‘वाढ नाही’ असं लिहायच्या आधी आम्ही आठ आठवडे थांबतो.

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी माझ्या सगळ्या नळ्या आठव्या आठवड्यातही कोऱ्या राहिल्या. स्मिअरमध्ये, म्हणजे त्याच थुंकीच्या काचपट्टीवर पसरून रंगवलेल्या थरात, तर निळ्या पार्श्वभूमीवर क्षयाच्या जिवाणूच्या गुलाबी काड्या स्वच्छ दिसल्या होत्या! थुंकीतले इतर जंतू मरावेत म्हणून तिच्यावर सोडियम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया करतात. वेळ कमी पडला तर बाकीचे जंतू माजतात, जास्त झाला तर क्षयाचाही जिवाणू मरतो. मी अतिकाळजीनं जास्त वेळ ठेवली होती. दोन महिने गेले, आणि ते नमुने पुन्हा मिळणार नव्हते. त्या दिवशी मी खूप रडले. पुढच्या खेपेला घड्याळ समोर ठेवलं. चौथ्या आठवड्यात हिरव्या माध्यमावर पिवळसर, खरखरीत, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी वाढ दिसली. ती नळी उजेडात धरून मी किती वेळ उभी होते, सांगता येत नाही.

थांबण्याचं मोल ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्येही दिसलं. रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल जठरातल्या जिवाणूच्या मागे होते, पण त्यांच्या प्लेट दोन दिवसांत टाकून दिल्या जात. 1982 च्या ईस्टरच्या सुट्टीत त्या इन्क्युबेटरमध्ये जास्त दिवस राहिल्या आणि जठरात अल्सर करणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी उगवला. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

कंटाळ्याचं म्हणशील, तर या जिवाणूच्या जनुकसंचात सुमारे 44 लाख अक्षरं आहेत. त्यातलं एखादं नेमकं अक्षर बदललं की रिफॅम्पिसिन हे क्षयावरचं मुख्य औषध त्याच्यावर चालेनासं होतं. हे पहिल्यांदा स्वतःच्या निकालात पाहिलं तेव्हा समोर नळीचा नंबर होता, पण डोक्यात तो रुग्णच होता. त्याची गोळी आता त्याच्या कामाची नाही, हे लवकर कळलं तर औषध बदलता येतं. ही गोष्ट मला आजही तितकीच महत्त्वाची वाटते.

घरच्यांची काळजी खोटी नाही. हा जिवाणू हवेतून पसरतो, म्हणून त्याचं काम वेगळ्या प्रयोगशाळेत, सेफ्टी कॅबिनेटमध्ये, एन-95 लावूनच होतं. तरी खरा धोका घाईचा. जंतू उचलायच्या तारेचा भरलेला लूप थेट ज्योतीत धरला तर तडतडतो आणि बारीक तुषार उडतात. म्हणून तो आधी फिनॉल या जंतुनाशकात भिजवलेल्या वाळूत खुपसायचा, मग जाळायचा. कितीही उशीर झाला असला तरी.

सुरुवात मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिसवर कर. तो याच कुळातला, सहसा निरुपद्रवी, आणि तीन-चार दिवसांत वाढतो. प्रयोगशाळा निवडताना एकच विचार : सुरुवातीचे महिने माझ्या शेजारी कोण उभं राहणार? पहिल्याच आठवड्यात क्षयाचं जिवंत कल्चर हातात देणार असतील, तर तिथे जाऊ नकोस.