बाजाराआधी गोऱ्हे खच्ची करावेत का?

आपला प्रश्न मला समजला तो असा. शिरूर तालुक्यात आपली शेती आहे आणि दावणीला तीन गोऱ्हे आहेत: एक खिलार, साधारण सव्वा वर्षाचा, आणि दोन एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित, त्यांतला एक पाच महिन्यांचा तर दुसरा आठ महिन्यांचा. तीन आठवड्यांनी तिघांनाही चाकणच्या शनिवारच्या बाजारात न्यायचा विचार आहे. गावात येणाऱ्या हेडीने, म्हणजे जनावरांच्या व्यापाऱ्याने, ‘खच्ची करून आणा, भाव चढून मिळेल’ असे सांगितले आहे, आणि परदेशातील वासरांच्या लिलावांविषयी आपण जे वाचले त्यातही तोच सल्ला होता. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो: या बाजारासाठी म्हणून तिघांपैकी एकालाही खच्चीकरणाचा चिमटा लावू नका. खिलाराला तर विकेपर्यंत मुळीच लावू नका. संकरित दोघांचे खच्चीकरण अवश्य करा, मात्र बाजार पुढे ढकलून करा. गेली तीसेक वर्षे मी खेड तालुक्यात खिलार जोपासतो आहे, आणि या बाबतीत माझ्या हातून झालेल्या चुकाही खाली सांगतो, कारण त्यांची किंमत जनावराने मोजली आहे.

परदेशातील सल्ला तिथल्यापुरता बरोबर आहे. अमेरिकेत दूध तोडलेली वासरे लिलावात वजनावर विकली जातात आणि ती घेणारा माणूस त्यांना चारून मांसासाठी तयार करणारा असतो. खच्ची न केलेले वासरू त्याने घेतले, तर ते काम त्यालाच करावे लागते, त्या काळात वासराची वाढ खुंटते, प्रवासाच्या ताणात ते आजारी पडण्याची भीती वाढते, आणि एका वाड्यात अंडील, म्हणजे खच्ची न केलेली, जनावरे एकमेकांना टकरा देत राहतात. हा सगळा खर्च तो बोलीतून आधीच कापून घेतो, म्हणून तिथे खच्ची वासराला वजनामागे जास्त दर मिळतो.

आपल्याकडे हा हिशोब लागूच होत नाही. महाराष्ट्रात १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्यातील दुरुस्ती २०१५ मध्ये अमलात आल्यापासून गाईबरोबरच वळू आणि बैल यांच्याही कत्तलीला बंदी आहे, आणि जनावर खच्ची आहे की अंडील यावर ती अवलंबून नाही. त्यामुळे आपल्या गोऱ्ह्याचे कायदेशीर गिऱ्हाईक तीनच प्रकारचे असू शकते: औताला किंवा गाडीला बैल हवा असलेला शेतकरी, गाईंसाठी वळू शोधणारा, आणि बैलगाडा शर्यतीचा शौकीन. चाकणला किंवा बेल्ह्याला वजनकाटा कोणी विचारत नाही. गिऱ्हाईक जनावर चालवून पाहते, दात पाहते, खूर पाहते, पाठीवरून हात फिरवते आणि उपरण्याखाली बोटे धरून सौदा करते. म्हणून ‘खच्ची केले तर किती जास्त मिळतील’ याआधी ‘याला घेणार कोण’ हे ठरवायला हवे, आणि ते तिघांचे वेगवेगळे आहे.

आधी खिलाराचे सांगतो, कारण त्याच्या बाबतीत झालेली चूक परत फिरवता येत नाही. सव्वा वर्षाचा खोंड म्हणजे अजून आदत, दुधाच्या दातांवरचा. त्याचे वशिंड आता कुठे उभे राहू लागले असेल आणि मान भरायला सुरुवात झाली असेल. मान, खांदा आणि वशिंड ही नराच्या अंगातील संप्रेरकांची करणी आहे. जू वशिंडाच्या पुढे मानेवर बसते, त्यामुळे तिथला भरीवपणा ही केवळ शोभा नसून उद्याच्या कामाची ताकद आहे. लवकर खच्ची केलेल्या गोऱ्ह्यात दुसरेही एक घडते: पायांच्या लांब हाडांची वाढीची टोके उशिरा मिटतात, म्हणून तो उंच, लांब तंगड्यांचा पण बारीक मानेचा निघतो. आपल्या जुन्या शेतकऱ्यांना यातले शास्त्र ठाऊक नव्हते, तरी खोंड दुसा होईपर्यंत, म्हणजे साधारण अडीच वर्षांपर्यंत आणि कधी त्याहूनही पुढे, ते खच्ची करत नसत, ते याच कारणाने. उशिरा करण्याची किंमतही आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. मोठ्या जनावराला वेदना जास्त होतात, सूज जास्त येते आणि सावरायला वेळ लागतो. तरीही कामाच्या बैलासाठी हा व्यवहार मला योग्य वाटतो, भूल आणि वेदनाशामक यांची सोय केली तर.

शिवाय खिलार खोंडाचे गिऱ्हाईक फक्त औतवाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला, तेव्हापासून आपल्या भागात चपळ आदत खोंडाकडे पाहणारे डोळे वाढले आहेत, आणि ही मंडळी बहुधा अंडील खोंडच मागतात. वळूसाठी पाहणारा तर खच्ची जनावरापुढे थांबतही नाही. औतवाल्याला मात्र अंडील खोंड चालतो, कारण पुढे आपल्या सोयीने तो खच्ची करून घेतो. म्हणजे खोंड आहे तसा नेला तर तिघेही गिऱ्हाईक म्हणून उभे राहतात, आणि खच्ची करून नेला तर एकच उरतो. त्याची आई दुधाला बरी असेल आणि अंगाने तो खरोखर देखणा असेल, तर चाकणची घाई न करता पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेपर्यंत थांबा, कारण तिथे खिलाराची पारख असलेली माणसे येतात.

आता बाजाराच्या तोंडावर खच्ची करण्याविषयी. सुमारे वीस वर्षांपूर्वी मीही असाच सल्ला ऐकून एक दुसा खोंड चिमटा लावल्यापासून बाराव्या दिवशी बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात नेला होता. टेम्पोतून उतरतानाच तो मागचे पाय फाकवून चालत होता, पण प्रवासाने अवघडला असेल असे मी मनाशी म्हटले. पहिल्याच गिऱ्हाइकाने दात पाहिले, मग मागे जाऊन शेपटी बाजूला केली आणि मांड्यांमधून हात घातला. खोंडाने पाठीची कमान केली, पाय झाडला आणि कासऱ्याला हिसका देऊन तो माझ्या अंगावर आला. त्या म्हाताऱ्या माणसाने हात धोतराला पुसला आणि विचारले, ‘बडवून किती दिवस झाले?’ मी खरे सांगितले. ते म्हणाले, ‘पाटील, याला घरी न्या, पोळ्यानंतर आणा.’ त्यांच्यामागे आलेल्या दोघांनी मी सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यालाच मागितला, कारण सुजलेले जनावर विकणारा माणूस अडलेला आहे असे बाजार धरून चालतो. मी खोंड परत आणला. त्याचा तो दुहेरी प्रवास आठवला की आजही मला वाईट वाटते.

चिमट्याच्या पद्धतीत, म्हणजे बर्डिझोने करताना, कातडी फाटत नाही. अंडाकडे जाणारी आतली दोरी आणि तिच्यातील रक्तवाहिन्या चेपल्या जातात, रक्तपुरवठा तुटतो आणि अंड हळूहळू आक्रसत जाते. पहिले काही दिवस सूज आणि वेदना असतात, तर पूर्ण आक्रसायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात जनावर चारा कमी खाते, त्याची चमक जाते आणि पोट खपाटीला जाते. आपले तीन आठवडे नेमके या अवस्थेच्या मध्यावर पडतात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: दोरी चेपल्यावरही पुढच्या भागात साठलेले वीर्य शिल्लक असते, म्हणून सुमारे दीड महिना अशा नराला कालवडींपासून वेगळे बांधावे.

काम पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावे. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा खच्चीकरणाला मनाई करत नाही, ते ठरवून दिलेल्या पद्धतीने करावे असे म्हणतो, आणि २०२३ मध्ये केंद्राने केलेल्या नियमांनी नोंदणीकृत पशुवैद्यक आणि भूल या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरवल्या आहेत. दगडावर किंवा लाकडाच्या दांड्यांत ठेचून बडवणारे लोक अजूनही कुठे कुठे फिरतात. त्यांना गोठ्याच्या जवळही येऊ देऊ नका, मग ते कितीही स्वस्तात करून देत असोत. डॉक्टर आल्यावर आपण जवळ उभे राहून तीन गोष्टी पाहाव्यात. दोन्ही बाजूंच्या दोऱ्या वेगवेगळ्या चेपल्या जाव्यात; दोन्हीकडचे चिमट्याचे वण एका रेषेत न येता खालीवर यावेत आणि मधली कातडी मोकळी राहावी, नाहीतर खालच्या कातडीचे रक्त तुटून ती सडते; आणि प्रत्येक वेळी दोरी चिमट्यात खरोखर सापडली आहे याची बोटांनी खात्री व्हावी. माझ्या एका गोऱ्ह्याची डावी दोरी निसटली होती. मी नंतर हात लावून पाहिलेच नाही आणि सात महिन्यांनी माझीच एक कोवळी कालवड अवेळी गाभण राहिली. तेव्हापासून सहाव्या आठवड्यात मी स्वतः चाचपून पाहतो: दोन्हीकडे कडक, लहान गोळी लागली तर काम झाले, एकीकडे पूर्वीसारखे मऊ आणि भरीव लागले तर डॉक्टरांना पुन्हा बोलवायचे. वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम मागावे. डायक्लोफेनॅक जनावरांसाठी २००६ पासूनच बंद आहे, कारण ते अंगात असलेले मेलेले जनावर खाऊन आपल्याकडची गिधाडे संपत आली. रबरी कडी लावण्याचा मार्ग अगदी कोवळ्या वासरापुरता आहे. आपल्या गोऱ्ह्यांचे वय त्यापुढे गेले आहे आणि कडीत धनुर्वाताचा धोकाही जास्त असतो.

आता संकरित दोघे. त्यांना वशिंड जवळजवळ नसतेच, त्यामुळे मान भरण्याची वाट पाहण्याचा प्रश्न येत नाही, आणि लवकर केलेले खच्चीकरण त्यांना सोसते. आठ महिन्यांचा तर लवकरच गाईंच्या मागे लागेल. संकरित नर वर्षाच्या आतच माजाला येऊ शकतो, आणि असा निवड न केलेला नर गोठ्यात मोकळा असणे म्हणजे कृत्रिम रेतनावर केलेला सगळा खर्च वाया घालवणे आहे. त्याचे खच्चीकरण या आठवड्यातच करून घ्या, आणि धाकट्याचे सहा महिने भरल्यावर. वेळ सकाळची निवडा, आदल्या रात्रीपासून चारा कमी करा आणि पाऊस-चिखल नसेल असे दिवस पाहा. त्यानंतर किमान दोन महिने त्यांना बाजार दाखवू नका. त्या काळात त्यांना कासऱ्यावर चालायला, उभे राहायला आणि माणसाचा हात अंगावर घ्यायला शिकवा. हलकी गाडी, पाण्याची टाकी, शेतातला फेरफटका यांसाठी शांत संकरित बैल घेणारे शेतकरी आपल्या जिल्ह्यात आहेत, पण ते शांतपणाचे पैसे देतात, आणि शांतपणा खच्ची केल्याने निम्मा व शिकवल्याने निम्मा येतो.

आपल्या हेडीने या दोघांना ‘लगेच रोखीने उचलतो’ असे म्हटले असेल, तर तो ती कोणाला विकणार हे त्याला स्पष्ट विचारा. औतालाही नको, वळूलाही नको आणि शर्यतीलाही नको असे वासरू जो घाईने मागतो, त्याच्या हाती दावे देताना आपण काय करतो आहोत हे आपल्यालाही कळते. मला हे सौम्य शब्दांत सांगता येत नाही. अशा वेळी ओळखीच्या शेतकऱ्याला कमी किमतीत दिलेले परवडले. आणि पुढच्या वेतांसाठी लिंगवर्गीकृत वीर्यमात्रा वापरा. त्यांत दहापैकी सुमारे नऊ वासरे माद्या होतात, त्यामुळे हा प्रश्न दर वर्षी आपल्या दारात उभा राहणार नाही. उरुळी कांचनला बाएफ ही पशुपालनात काम करणारी संस्था आहे, तिथे किंवा तालुक्याच्या दवाखान्यात चौकशी करा.

बाजाराला निघण्याआधी तिघांच्याही कानात बारा अंकी टॅग आहे का ते पाहा. जून २०२४ पासून राज्यात टॅग नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री बाजारात करता येत नाही. आधी लम्पीची लस टोचून घेतली असेल तर त्याची नोंदही सोबत ठेवा. खिलाराचा टॅग नसेल तर तो आजच लावून घ्या, म्हणजे शनिवारपर्यंत कानाची जखम भरेल आणि गिऱ्हाइकाने कानाला हात लावला तरी तो बुजणार नाही.