बिळाभोवतीच्या गोळ्या कुणाच्या?

प्रश्न : ओहोटीला खाडीच्या चिखलात इवलेसे खेकडे दिसले. एक नांगी भलीमोठी, दुसरी चिमुकली. दुसरी तुटून परत वाढत असेल का? आणि बिळाभोवती मातीच्या गोळ्या पडलेल्या असतात, ती विष्ठा का?

उत्तर : तुम्ही पाहिलेत ते फिडलर खेकड्याचे नर. वाढ झालेल्या नराची एक नांगी मोठीच असते; मादीच्या मात्र दोन्ही लहान. मोठी नांगी खायच्या कामाची नाही. ती हलवून मादीला बोलवायचं आणि दुसऱ्या नराशी झुंजायचं, एवढंच तिचं काम. (पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा मलाच हात करतोय!)

पोट भरते ती लहान नांगी. तिने चिखलाची चिमूट तोंडाशी न्यायची, तोंडातल्या केसाळ अवयवांनी शेवाळाचे सूक्ष्म कण, जिवाणू वेगळे काढायचे आणि उरलेली माती गोळी करून खाली टाकायची. ही माती पोटात गेलेलीच नसते, म्हणून तिला विष्ठा म्हणता येणार नाही. गोळ्या दोन प्रकारच्या दिसतील. बारीक, विखुरलेल्या त्या जेवणातल्या. बिळाच्या तोंडाशी ढीग घातलेल्या मोठ्या गोळ्या खोदकामाच्या. मला हा फरक कळायला बरेच दिवस लागले, कारण मी उभ्यानेच बघत होतो. उकिडवं बसा, दहा मिनिटं हलू नका. पळालेले खेकडे एकेक करून बाहेर येतात. आधी वर येतात देठावरचे डोळे.

भरती आली की बरेच जण चिखलाचं बूच लावून बीळ बंद करतात.