नीट हुकली म्हणून हॉस्पिटल मॅनेजमेंट?

प्रश्न : मुलगी दोनदा नीटमध्ये कमी पडली (दोन्ही स्कोअर सोबत लिहिले आहेत). आता बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. डॉक्टर नाही तर हॉस्पिटलची अधिकारी तरी होईल, म्हणून एमबीएला घालतोय. ती मात्र सरकारी दवाखान्यातच काम करीन म्हणते. नफाच नाही तिथे मॅनेजमेंट कशाला? आजीला तपासायला नेलं तेव्हाही ही कुठल्या खिडकीवर किती वेळ लागला ते वहीत लिहीत बसली!
– एक वडील, मानेवाडा, नागपूर

उत्तर : पत्रात नीटचे दोन्ही स्कोअर आहेत, बी.एस्सी.चे गुण नाहीत. तीन वर्षं होत आली, ती परीक्षा तुमच्या घरात अजून संपलेली नाही. मला काळजी याची वाटते. डॉक्टरकीची भरपाई म्हणून तिला इकडे ढकललंत, तर रोज डॉक्टरांसोबत वावरताना आपण कमी पडलो एवढंच तिच्या मनात राहील. नातेवाइकांना सांगायला पद हवं म्हणून तिचं करिअर ठरवू नका.

ज्या वहीची तुम्ही तक्रार करता, तिथेच तिचा कल दिसतो. सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००२ पासून टोयोटाच्या कारखान्यातली पद्धत आणली, तीही अशीच: केसपेपरपासून औषधापर्यंत रुग्णाचा प्रत्येक टप्पा मोजायचा, वाया जाणारा वेळ शोधायचा. तुमच्या मुलीला हे कुणी शिकवलं नव्हतं.

आता नफ्याचं. खासगी रुग्णालय दर वाढवू शकतं, खाटा भरल्या की दुसरीकडे पाठवू शकतं. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांना ते जमत नाही. तिथे विदर्भासोबत मध्य प्रदेश, छत्तीसगडचेही रुग्ण येतात. गर्दी नाकारता येत नसेल, तर खाटा, औषधसाठा, चाचण्या आणि ड्युट्या नीट आखण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणजे व्यवस्थापनाची गरज तिथे जास्तच. शासनानेही हे ओळखलंय: २०१३ पासून सरकारी रुग्णालयांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकं आहेत, आठ बाबींवर तपासणी होते, प्रमाणपत्राला किमान ७० टक्के गुण लागतात. स्वच्छता आणि संसर्ग नियंत्रणासाठी २०१५ पासून ‘कायाकल्प’ ही पुरस्कार योजना आहे.

पण तुमच्या मनातला ‘अधिकारी’ तिथे सापडणार नाही. अधिष्ठाता, जिल्हा शल्यचिकित्सक हे डॉक्टरच असतात. बिगरडॉक्टर व्यवस्थापकांच्या बऱ्याच जागा राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या, कंत्राटी. सिस्टर, फार्मासिस्ट, भांडारातले बाबू यांच्यावर तिचा हुकूम चालणार नाही; आकडे दाखवून, पटवून काम करून घ्यावं लागेल. ज्याला हुद्दा हवा तो इथे वर्षभरात कंटाळतो.

अभ्यासक्रमात मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन आणि जयपूरच्या आयआयएचएमआर या आरोग्य व्यवस्थापन विद्यापीठाचा बघा. फी भरण्याआधी प्रत्येक कॉलेजला एकच विचारा: तुमचे किती विद्यार्थी आज सरकारी रुग्णालयात काम करतात? उत्तर टाळलं तर तिथे प्रवेश घेऊ नका. आणि पुढचं पत्र मुलीला लिहू द्या, तुम्ही न वाचता पाठवा.