जबानी आणि कबुलीजबाब

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. कंबोडियात जिवंत राहिलेल्या माणसांच्या साक्षींमध्ये तारखा जुळत नाहीत, तेव्हा त्या बाजूला ठेवून फक्त कागदपत्रांवर लिहावं का, असं तू विचारतोस. घाई करू नकोस. आधी ते कागद तयार कसे झाले ते बघ.

राजधानी नॉम पेन्हमधला एस-२१ तुरुंग मुळात शाळा होती. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूजने, म्हणजे पोल पॉटच्या कम्युनिस्ट संघटनेने, शहर घेतलं, लोकांना हुसकून खेड्यांकडे हाकललं आणि पुढे त्या शाळेच्या वर्गांत विटांच्या कोठड्या उभ्या राहिल्या. कैदी आला की त्याचा फोटो काढायचे, माहिती टिपायचे, मग छळ करून कबुलीजबाब लिहवून घ्यायचे. अशी हजारो पानं आहेत, सगळी शिस्तीत लावलेली. मजकूर मात्र धडधडीत खोटा. तिथले एक कैदी, चुम मेय, मेकॅनिक होते. आपण अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेचे, सीआयएचे, हस्तक आहोत असं त्यांनी कबूल केलं, आणि सीआयए म्हणजे काय हेच त्यांना ठाऊक नव्हतं! उद्या तो कागदच खरा धरलास, तर छळणाऱ्याचंच म्हणणं तू पुन्हा छापशील.

पण कागद टाकूनही देऊ नकोस. २०१० मध्ये तुरुंगप्रमुख डुच दोषी ठरला. निकालात किमान १२,२७२ बळी नोंदले गेले, ते तुरुंगाच्या याद्या शिल्लक राहिल्या म्हणूनच. 'बारा हजारांवर' असं लिहू नकोस. शेवटचे दोनशे बहात्तर काही सुटे पैसे नव्हेत. चित्रकार व्हान नाथ यांचं नावही एका यादीत होतं, आणि त्यापुढे त्यांना कामासाठी राखून ठेवा असा शेरा. पोल पॉटची चित्रं काढायला माणूस हवा होता. ते वाचले, पुढे तुरुंगात पाहिलेलं रंगवत राहिले. त्यांची जबानी आणि तो शेरा शेजारी ठेवून वाच.

'वंशसंहार' हा शब्द मात्र जपून वापर. ख्मेर रूजच्या जवळपास चार वर्षांत अंदाजे १७ ते २० लाख माणसं गेली. उपासमारीने, आजाराने, राबून, मारून. २०१८ च्या निकालात वंशसंहार सिद्ध झाला तो चाम मुस्लिम आणि व्हिएतनामी लोकांच्या बाबतीत. वंशसंहाराची व्याख्या करणाऱ्या १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारात राजकीय गट बसत नाहीत. मला ती व्याख्या तोकडी वाटते, तरी वाचकाला ती सांगायलाच हवी.

आणि कुणी समोर बसून बोलायला तयार झालं, तर तारखेपासून सुरुवात करू नकोस. बेड्यांत पडलेल्या माणसाकडे कॅलेंडर नसतं. पाऊस होता का, शेजारी कोण होतं, खायला काय मिळालं, ते विचार. बोलता बोलता माणूस थांबला तर तूही थांब. ती शांतता भरून काढायला पुढचा प्रश्न पुढे करू नकोस.

२००९ च्या सुनावणीत एस-२१ मधून वाचलेल्या बो मेंग यांनी डुचला समोरासमोर विचारलं, माझ्या बायकोला कुठे मारलं? तिथली माती घेऊन त्यांना तिच्यासाठी प्रार्थना करायची होती. डुचला नक्की जागा सांगता आली नाही. बहुधा चोएंग एक, म्हणजे शहराबाहेर कैद्यांना नेऊन मारायची जागा, एवढंच तो म्हणाला. तिचा तुरुंगात काढलेला फोटो मात्र उरला आहे.

तुझं लेखन त्या प्रश्नापासून सुरू कर. पहिला मसुदा झाला की पाठव.