आरव्हीत हार्मोनियम बसेल का?

"ताई, आम्ही तिघं मार्चमध्ये अमेरिकेत येतोय. भाडं भरत बसण्यापेक्षा आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन त्यातच राहायचं म्हणतोय. माझी हार्मोनियम, शिलाई मशीन आणि ह्यांचं कॅमेऱ्याचं सामान त्यात मावेल का?" असं तू विचारलंस. मावेल. एवढंच लिहून झोपणार होते, पण झोप काही लागली नाही. आता पहाटेचे चार वाजलेत, बाहेर ॲरिझोनाचं वाळवंट आहे, नवरा घोरतोय आणि मी लिहायला बसलेय.

व्हिसा, लायसन्स, विमा यांबद्दल काही सांगत नाही, ते सगळं सरकारी साइटवर आहे. फक्त एक गोष्ट. तुझा नवरा एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर येतोय आणि त्या अर्जात कामाची जागा लिहिलेली असते. ऑफिसपासून जवळच्या कॅम्पग्राउंडवर महिनोन्‌महिने मुक्काम ठोकणं वेगळं, आणि व्हिडिओत दाखवतात तसं आज यूटा, उद्या न्यू मेक्सिको हे वेगळं. दुसरा प्रकार तुम्हाला इतक्यात जमायचा नाही. आम्हीसुद्धा ग्रीन कार्ड हातात आल्यावरच न्यू जर्सीतलं एडिसन सोडलं, २०१७च्या उन्हाळ्यात.

आता सामान. आधी फूट मोजू नकोस, वजन मोज. प्रत्येक ट्रेलरच्या, म्हणजे पिकअपने ओढायच्या आरव्हीच्या, दाराजवळ एक पिवळं स्टिकर असतं, गाडीत एकूण किती पौंड माल भरता येईल ते त्यावर लिहिलेलं असतं. विकणारा माणूस गादी दाबून दाखवतो, फ्रीज उघडून दाखवतो, पण त्या स्टिकरपाशी तुला नेणार नाही. आमच्या पहिल्या ट्रेलरला १५०० पौंड होते, म्हणजे साधारण ६८० किलो. ऐकायला भरपूर वाटतं. पण ४० गॅलनची पाण्याची टाकी भरली की त्यातले ३३० पौंड तिथेच गेले. मग कपडे, कुकर, डाळ-तांदूळ, हत्यारं, गॅस. नवऱ्याची पुस्तकांची दोन खोकी एडिसनच्या एका मित्राच्या बेसमेंटमध्ये राहिली, ती अजून तिथेच आहेत. भरून झालं की ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर गाडी चढवून वजन करा. आणि जड सामान सगळं मागच्या टोकाला कोंबू नका, हायवेवर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो.

हार्मोनियम पेटीसकट फार तर बारा-चौदा किलो भरेल, आण. मशीन मात्र आणू नकोस. तिकडची मोटर २२० व्होल्टची, इथे १२० व्होल्ट. इथलं हलकं मशीन घे. मशीनपेक्षा मोठी अडचण टेबलाची आहे. आरव्हीत टेबल एकच. त्यावर जेवण, त्यावरच ऑफिस, त्यावरच मुलाचा अभ्यास. मशीन काढायचं, कापड पसरायचं आणि तासाभरात जेवायची वेळ झाली म्हणून सगळं आवरायचं, हे तू महिनाभर करशील. पुढे मशीन पलंगाखाली जातं आणि तिथेच राहतं. माझं तसंच झालं. लोकर आणि सुया पायाशी पिशवीत होत्या, म्हणून विणकाम टिकलं. नवऱ्याची आठ इंची दुर्बीण टिकली, कारण ती घरात कधी आलीच नाही. पिकअपच्या मागे पडलेली असायची, संध्याकाळी उचलून बाहेर ठेवली की झालं. यूटातलं नॅचरल ब्रिजेस हे २००७ साली जगातलं पहिलं अधिकृत 'डार्क स्काय पार्क', म्हणजे रात्रीचा काळोख जपणारं उद्यान, ठरलं. तिथल्या पहिल्या रात्री मला वाटलं ढग आलेत, कपडे आत घ्यायला उठले. ती आकाशगंगा होती. नवऱ्याचा हा नाद आमच्या संसारातला सर्वांत स्वस्त नाद ठरला, हे मी त्याला तोंडावर कधी सांगितलेलं नाही.

माझा नाद तंबोऱ्याचा. मिरजेची मुलगी मी, लग्नात वडिलांनी दागिन्यांऐवजी तंबोरा करून दिला. साडेचार फुटांच्या वर उंच, पंढरपूरकडचा भोपळा. सगळे म्हणाले, फोनवर तानपुऱ्याचं ॲप घे. ॲप चांगलं असतं, त्याला जागा लागत नाही आणि ते उतरतही नाही. पण मी हट्ट केला. सोफ्याची एक बाजू कापून काढली, तिथे पट्टे लावले आणि तंबोरा बाळासारखा बांधून ठेवला.

पहिल्याच हिवाळ्यात, इथेच ॲरिझोनात, रात्री काडी मोडल्यासारखा आवाज आला. तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी फळीला, वीतभर चीर. वाळवंटाची कोरडी हवा आणि त्यात रात्रभर चालणारा गॅसचा हीटर! मिरजेला फोन लावला. कारागीर म्हणाले, "ओलावा नाही खोलीत. खोली केवढी आहे?" म्हटलं, साडेआठ बाय तीस फूट. "खालच्या मजल्यावर?" म्हटलं, चाकांवर. बराच वेळ फोनवर काही ऐकू आलं नाही. मग म्हणाले, "तारा उतरवून ठेवा बाई. प्रवासात चढवलेल्या ठेवूच नका." साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात ओला स्पंज ठेवायचा आणि ती डबी वाद्याच्या पेटीत टाकायची, हे मी इथल्या एका गिटारवाल्या म्हाताऱ्याकडून शिकले. तू हार्मोनियमशेजारी हवेतला ओलावा दाखवणारं छोटं मीटर ठेव. चाळीस ते पन्नास टक्के असेल तर लाकूड सुखी. मात्र कोरडं जितकं वाईट तितकंच दमटही. थंडीत आत भात लावला की खिडक्या घामेजतात आणि गादीखाली बुरशी धरते. कापड तिथे ठेवू नकोस. आणि फोडणी? फोडणी दिली की धुराचा अलार्म बोंबलतो. आम्ही दिवाळीच्या चकल्या बाहेर, टेलगेटवर, म्हणजे पिकअपच्या मागच्या उघडत्या फळीवर तळतो.

आवाजाचं सांगते. भिंती पापुद्र्यासारख्या. कॅम्पग्राउंडवर रात्री दहानंतर शांतता पाळावी लागते, आणि पहाटेचा खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, शेजाऱ्याला जनरेटर वाटतो. एकाने खरंच येऊन विचारलं होतं. त्यामुळे गर्दीच्या जागी मी ट्रकच्या केबिनमध्ये बसून रियाज करते, सरकारी मोकळ्या जमिनीवर मात्र बिनधास्त. या जमिनींवर साधारण १४ दिवसांनी हलावं लागतं, पण इथे ॲरिझोनात क्वार्ट्झसाइट गावाजवळ हिवाळ्याचा परवाना घेतला की १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहता येतं. हे गाव उन्हाळ्यात ओस असतं आणि जानेवारीत गाड्यांनी फुलतं. दगड घासून खडे काढणारे, गोधड्या शिवणाऱ्या बायका, बॅन्जोवाले, मेटल डिटेक्टर घेऊन रेतीत फिरणारे, सगळे इथे. इथल्या स्मशानात एका उंटवाल्याची पिरॅमिडसारखी समाधी आहे, वर पत्र्याचा उंट. अमेरिकन लष्कराने उंट आणून पाहिले, तेव्हा सीरियाहून आलेला हा माणूस, १९०२ साली इथेच गेला. त्याचं हाजी अली हे नाव लोकांना उच्चारता येईना, म्हणून त्यांनी 'हाय जॉली' केलं. माझ्या नावाचं काय केलंय ते विचारू नकोस.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. एडिसनला मराठी मंडळाच्या गणपतीत दोनशे माणसांत बसूनही होताच. पुढे.

कागदपत्रांचा मात्र मला अजून राग येतो. चाकांवर राहणाऱ्याला कायमचा पत्ता लागतो, म्हणून आम्ही टेक्ससमधल्या लिव्हिंग्स्टनचा घेतला. आमच्यासारख्या हजारो फिरस्त्यांचा पत्ता तोच गाव. टपाल तिथे जमतं आणि आपण असू तिथे येतं. पण एका बँकेने "हे घर नाही, टपालपेटी आहे" म्हणून खातं गोठवलं. नेमकं तेव्हाच मिरजेच्या घराच्या वाटणीसाठी मुखत्यारपत्र करायचं होतं. ते करायला गेले तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, पत्त्याचा पुरावा म्हणून वीजबिल आणा. म्हटलं, माझी वीज माझ्या छतावर तयार होते. तो म्हणाला, मग गॅसचं बिल. म्हटलं, गॅस सिलिंडरमध्ये असतो. तीन फेऱ्या झाल्या, प्रत्येक फेरी चारशे मैलांची. तेव्हापासून मी प्रत्येक कागदाच्या तीन प्रती ठेवायला लागले. प्रिंटर घेतला, स्कॅनर घेतला, फायलींची खोकी वाढत गेली. मुलीच्या खोलीत एकावर एक दोन बंक होते, ती खाली झोपायची. वरचा बंक माझं ऑफिस झाला.

तिच्याबद्दल मी काहीच बोलले नाही, ना? निघालो तेव्हा ती बारा वर्षांची होती. सातवीत जायची होती, शाळेच्या ऑर्केस्ट्रात सेलो, म्हणजे बसून वाजवायचं मोठं व्हायोलिन, वाजवायची. सेलो शाळेचाच, वर्षाच्या बोलीवर घरी आणलेला. आम्ही स्वयंपाकघरात बसून काय न्यायचं, काय नाही, याची यादी केली आणि मी म्हटलं, "सेलो नाही बसणार, राणी. केवढा मोठा तो!" ती बरं म्हणाली. परत करायच्या फॉर्मवर तिनेच सही केली, तिचं अक्षर तेव्हा गोल होतं. तंबोरा त्याच यादीत होता.

दोन वर्षं तिला मी घरीच शिकवलं. टेक्ससमध्ये त्याला फारशी परवानगी लागत नाही आणि मी गणित बरं शिकवते. नववीसाठी एके ठिकाणी घर घेऊन थांबलो, तेव्हा त्या शाळेने माझं काहीच धरलं नाही. शिकून झालेलं बीजगणित तिला पुन्हा पहिल्यापासून करायला बसवलं. मी माझ्या वह्या दाखवल्या, चाचण्या दाखवल्या. समुपदेशक बाई हसून म्हणाल्या, "मॉमचे मार्क आम्ही मोजत नाही." आणि ऑर्केस्ट्रात, दोन वर्षं वाद्य हातात नाही म्हणून, सहावीच्या पोरांबरोबर नवशिक्यांच्या वर्गात. ती एक आठवडा गेली. मी शाळेशी वर्षभर भांडले, गणितासाठी. सेलोसाठी एक ईमेलही केला नाही.

आता ती कॉलेजात आहे. म्हणूनच आम्ही दोघं २०२३ला पुन्हा निघालो, दुसरी, लहान गाडी घेऊन. मागे एकदा फोनवर मी विषय काढला, तर म्हणाली, "आई, सोड ना." आणि तंबोऱ्याची चीर कशी आहे ते विचारलं.

तुझ्या पत्रात हार्मोनियम आहे, मशीन आहे, नवऱ्याच्या लेन्सांची यादी तर कंपनीच्या नावांसकट आहे. तिसरा माणूस तुझा नऊ वर्षांचा मुलगा, तो काय घेऊन येणार आहे ते लिहिलेलं नाहीस. कदाचित विसरली असशील. मीही विसरले नव्हते असं म्हणवत नाही.

पहिली गाडी विकायच्या आदल्या दिवशी मी प्रिंटर आणि फायली खाली उतरवल्या, बंक पुसला आणि टेप लावली. लांबी सहा फूट दोन इंच, रुंदी अठ्ठावीस इंच. सेलोची पेटी साधारण साडेचार फूट लांब असते, रुंदीला दीड फुटाच्या आसपास. टेप गुंडाळली आणि गाडी घ्यायला आलेल्या माणसाला पिवळं स्टिकर दाखवायला गेले.

गाडीचं मॉडेल ठरलं की कळव, त्यातल्या कप्प्यांची मापं कशी घ्यायची ते सांगते. आणि मुलाला काय आवडतं तेही लिही.