हस्तिदंती पेटी आणि मेणाचा शिक्का

प्रश्न : ताई, नमस्कार. माझा भाचा यंदा ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात शिकायला गेला. ते कॉलेज एका स्कॉटिश बाईने उभं केलं, आणि नवरा गेल्यावर त्याचं हृदय पेटीत घालून ती जन्मभर सोबत बाळगायची, असं त्याने फोनवर सांगितलं. हे खरं का? ती कोण? आमची सौ. विचारते आहे, तिच्या मुलाबाळांचं काय झालं? आणि भाच्याने तिथे तिची कुठली खूण पाहावी?
— एक वाचक, कराड

उत्तर : या बाईचं नाव डेव्हॉर्गिला. हृदयाची गोष्ट मीही पहिल्यांदा अशीच, ऐकीव म्हणून ऐकली. मुलाकडे कार्लाइलला राहायला गेले होते, तेव्हा एका दुपारी सुनेने मला गाडीत बसवलं आणि सरहद्द ओलांडून डम्फ्रीजच्या दक्षिणेला न्यू अ‍ॅबी नावाच्या गावी नेलं. तिथे लाल वालुकाश्मात बांधलेला मोठा मठ आहे. छप्पर कधीच गेलंय. मधला मनोरा आणि कमानी उभ्या आहेत, आत फरशीच्या जागी हिरवळ. एका बाजूला तिच्या समाधीवरची दगडी मूर्ती आहे, तुकडे जोडून उभी केलेली. डोकं गेलेलं, पण छातीशी धरलेलं हृदय शाबूत. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण त्या मूर्तीपुढे मला शब्द सुचला नाही.

तर गोष्ट खरी आहे का? तिचा नवरा जॉन दि बेलियल १२६८ साली वारला. त्याचं हृदय मसाले लावून, चांदीच्या पट्ट्या ठोकलेल्या हस्तिदंती पेटीत ठेवलं गेलं. त्या काळी युरोपातल्या सरदारांत आणि राजघराण्यांत हृदय वेगळं काढून पुरण्याची रीत होतीच; पुढे स्कॉटलंडच्या रॉबर्ट ब्रूस राजाचं हृदयही मेलरोजच्या मठात वेगळं पुरलं गेलं. जेवायला बसताना डेव्हॉर्गिला ती पेटी शेजारी ठेवायची, नवऱ्याच्या वाटणीचं ताट वाढायला लावायची आणि ते अन्न गोरगरिबांना द्यायची, ही हकिकत अँड्र्यू ऑफ विंटन या स्कॉटिश बखरकाराने लिहिली, तीही तिच्यानंतर सव्वाशेहून जास्त वर्षांनी. त्यामुळे ताटाचा तपशील मी लोकांनी जपलेली आठवण म्हणून सांगते. १० एप्रिल १२७३ रोजी तिने नवऱ्याच्या स्मरणार्थ मठ स्थापला, हे मात्र पक्कं. १२९० च्या जानेवारीत ती वारली, तेव्हा ते हृदय तिच्यासोबत त्याच मठात पुरलं. भिक्षूंनी मठाला लॅटिनमध्ये ‘दुल्चे कोर’, म्हणजे गोड हृदय, म्हणायला सुरुवात केली. तेच आजचं स्वीटहार्ट अ‍ॅबी.

पण तिला एवढ्या एका पेटीत बंद करून ठेवलं, तर तिच्यावर अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं.

तिचे वडील अ‍ॅलन गॅलोवेचे सत्ताधीश. गॅलोवे म्हणजे स्कॉटलंडचा नैर्ऋत्य कोपरा, समुद्राला लागून. १२१५ च्या मॅग्ना कार्टात, म्हणजे इंग्लंडच्या राजाने दिलेल्या हक्कांच्या सनदेत, राजाच्या सल्लागारांच्या यादीत अ‍ॅलन यांचं नाव आहे. आई मार्गारेट स्कॉटलंडच्या राजघराण्यातली, दोन राजांची पुतणी. १२३४ साली अ‍ॅलन वारले. औरस मुलगा हयात नव्हता, म्हणून कायद्याप्रमाणे राज्याचे तीन वाटे झाले, एकेका मुलीला एकेक. तिन्ही जावई इंग्लंडात जमीनजुमला असलेले सरदार. गॅलोवेच्या लोकांना ही वाटणी सोसेना. अ‍ॅलनचा एक अनौरस मुलगा होता, थॉमस. गादीवर तोच हवा म्हणून ते उठले. स्कॉटलंडचा राजा दुसरा अलेक्झांडर याने सैन्य आणून बंड मोडलं आणि थॉमसला बेलियल कुटुंबाच्या ताब्यात दिलं. बार्नार्ड कॅसल हा बेलियलांचा किल्ला. तिथे तो साठ वर्षं कैदेत राहिला. १२९६ साली इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने त्याला सोडलं, तेव्हा तो पार म्हातारा झाला होता आणि डेव्हॉर्गिलाला जाऊन सहा वर्षं झाली होती.

नवऱ्याचं हृदय जपणारी तीच बाई, आणि सावत्र भाऊ जन्मभर कोठडीत, तोही तिच्याच घराच्या किल्ल्यात. या दोन गोष्टींची मोट मला आजवर बांधता आलेली नाही. एक सांगून दुसरी झाकणं मात्र मला पटत नाही.

आता कॉलेज. १२६० च्या सुमारास जॉनचं डरॅमच्या बिशपशी मोठं भांडण झालं. प्रायश्चित्त म्हणून कॅथीड्रलच्या दाराशी त्याने जाहीर फटके खाल्ले आणि गरीब विद्यार्थ्यांचा खर्च उचलायचं कबूल केलं. ऑक्सफर्डात भाड्याच्या घरात सोळा विद्यार्थी राहू लागले. जॉन गेल्यावर ते घर बंद पडलं असतं तर कोणी बोट दाखवलं नसतं. पण विधवा बाईने खर्च चालू ठेवला, आणि १२८२ च्या ऑगस्टमध्ये गॅलोवेतल्या आपल्या बुइटल किल्ल्यावरून त्या घराचे नियम लिहून पाठवले.

ते नियम वाचताना मला वसतिगृह चालवणाऱ्या एखाद्या कडक पण मायाळू बाई आठवतात. विद्यार्थ्यांनी आपला प्रमुख आपणच निवडावा. एकमेकांशी लॅटिनमध्येच बोलावं. सांगूनही जो ऐकणार नाही त्याला पंगतीतून उठवून वेगळं बसवावं आणि सर्वांच्या शेवटी वाढावं. ठरावीक दिवशी वादसभा व्हावी. नवऱ्याच्या आत्म्यासाठी वर्षातून तीनदा प्रार्थना व्हावी. ताटातलं उरलेलं एका गरीब विद्यार्थ्याला मिळावं. आणि माझा सगळ्यात आवडता नियम : श्रीमंत मुलांनी राहणी इतकी बेताची ठेवावी की गरीब मुलांवर खर्चाचा भार पडू नये. ज्याने वर्गात डबा उघडायला लाजणारं पोर पाहिलंय, त्याला या एका ओळीचं मोल लगेच कळेल. दोन वर्षांनी तिने त्यांच्यासाठी ऑक्सफर्डात स्वतःच्या हक्काचं घरही घेऊन दिलं.

वहिनींचा प्रश्न मुलांचा. तिला चार मुलगे आणि मुली होत्या. ह्यू, अ‍ॅलन आणि अलेक्झांडर हे थोरले तिघे निपुत्रिक वारले. उरला धाकटा जॉन. १२९० च्या सप्टेंबरात स्कॉटलंडची सात वर्षांची राणी मार्गारेट वारली आणि गादीला थेट वारस उरला नाही. डेव्हॉर्गिला आणखी आठ-नऊ महिने जगली असती तर गादीवरचा हक्क आधी तिच्या स्वतःच्या नावाने मांडला गेला असता. राजघराण्यातल्या दोन बहिणींपैकी ती थोरलीची मुलगी, तर गादीवर हक्क सांगणारे रॉबर्ट ब्रूसचे आजोबा धाकटीचे मुलगे. भांडण एवढंच होतं. १२९२ च्या नोव्हेंबरात निवाडा जॉनच्या बाजूने लागला. चारच वर्षांत एडवर्डने त्याला पदच्युत केलं आणि त्याच्या झग्यावरची राजचिन्हं उसवून काढली. ‘रिकामा झगा’ हे नाव त्याला कायमचं चिकटलं. तो फ्रान्समध्ये वारला.

मुलगी एलेनॉरचा मुलगा जॉन कॉमिन. त्याला १२९६ नंतरच्या धामधुमीत मोठं स्थान मिळालं, पण १० फेब्रुवारी १३०६ रोजी डम्फ्रीजच्या ग्रेफ्रायर्स मठातल्या चर्चमध्ये ब्रूस आणि त्याच्या माणसांनी त्याला मारलं. तो मठही डेव्हॉर्गिलानेच स्थापल्याचं मानतात. आजीने बांधलेल्या देवघरात नातवाचा खून. हे लिहितानाही हात थांबतो.

राहिली भाच्याची खूण. १२८२ चे नियम कॉलेजच्या दप्तरखान्यात आजही आहेत, आणि त्यांच्यावर तिचा मेणाचा शिक्का आहे. त्यात ती उभी आहे, एका हातात बेलियलांची ढाल, दुसऱ्या हातात गॅलोवेच्या सिंहाची. मूळ कागद पाहायला मिळेल न मिळेल, पण कॉलेजचं मानचिन्ह या शिक्क्याच्या मागच्या बाजूवरूनच घेतलंय आणि ते तिथे जागोजागी दिसतं. दोन घराण्यांच्या अशा जोडचिन्हात मानाची जागा, म्हणजे पाहणाऱ्याच्या डाव्या हाताची, नवऱ्याकडच्या चिन्हाला देण्याची रीत. इथे मात्र त्या जागी सिंह आहे, तिच्या माहेरचा.

या कॉलेजात विद्यार्थिनींना प्रवेश मिळायला १९७९ साल उजाडलं. त्याच्या बऱ्याच आधी आपल्या नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ साली त्यांनी तिथली कायद्याची परीक्षा दिली, तेव्हा त्यांच्या पाठीशी उभे राहिलेल्यांत बेलियलचे प्रमुख बेंजामिन जोवेट होते. भाचा फाटकातून आत जाईल तेव्हा त्याला तो सिंह शोधायला सांगा. फोटो मिळाला तर मलाही पाठवा, मी तो अजून पाहिलेला नाही.