राखेचे एकच ग्लेझ

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली सहाही भांडी नीट पाहिली. चाकावरचा तुझा हात स्थिरावला आहे; कडा आणि बूड दोन्ही स्वच्छ उतरले आहेत. परंतु सहा भांड्यांवर सहा निरनिराळी ग्लेझ, म्हणजे भट्टीत वितळून बसणारे काचेसारखे लेप, आहेत आणि एकाचीही नोंद तू ठेवलेली नाहीस, याची मला काळजी वाटते.

पुढचे सहा महिने एकच ग्लेझ धर. आपल्याकडे कापूस निघाला की बांधावर पऱ्हाट्यांचे ढीग पडतात. त्यांची राख पाण्यात कालवून चाळ, निवळल्यावर वरचे पाणी काढून टाक आणि खालचा गाळ वाळव. ते पाणी दाहक असते, म्हणून रबरी हातमोजे घाल. कोरडी पूड हाताळताना नाकातोंडावर मास्क असू दे. फेल्डस्पार (भट्टीत वितळून काच होणारे खनिज) 40, राख 40 आणि चिनी माती 20 या प्रमाणाने आरंभ कर. मग चिनी माती तेवढीच ठेवून राख पाच-पाच भागांनी वाढव आणि तितकेच फेल्डस्पार कमी कर. राखेतला चुना ग्लेझला पातळ करतो, त्यामुळे 1280 अंश सेल्सिअसच्या आसपास कोणत्या तरी प्रमाणाला ते ओघळू लागेल. ते प्रमाण तुझ्या राखेचे, तुझ्या भट्टीचे असेल. दुसऱ्याच्या वहीतून ते घेता येणार नाही.

नमुन्यांसाठी सपाट फरशा करू नकोस. चाकावर बिनबुडाचे, पसरट पायाचे कडे ओढ आणि ते थोडे सुकून घट्ट झाले की त्याचे उभे तुकडे काप. असा तुकडा भट्टीत स्वतःच्या पायावर उभा राहतो, त्यावर ओघळ किती खाली आला ते मोजता येते, आणि बोटांच्या वळ्यांच्या माथ्यावर ग्लेझ विरळ होऊन खाचेत कसे साचते तेही दिसते. प्रत्येक तुकड्यामागे भाजण्यापूर्वीच लोहाच्या ऑक्साइडने क्रमांक लिही.

हे मी आग्रहाने सांगतो, कारण तुझ्या वयात मला एका भाजणीत मधाच्या रंगाचे अतिशय सुंदर ग्लेझ मिळाले होते. तीन शेतांतली राख मी एकत्र केली होती आणि कोणत्या शेतातली किती, हे लिहून ठेवले नव्हते. तो रंग मला पुन्हा कधीही मिळाला नाही.

नक्षीसाठी ग्लेझखाली आपली काळी माती लेप म्हणून वापरून पाहा. तिच्यातले चुनखडीचे खडे चाळून काढावे लागतात. ती वाळताना फार आकसते आणि लेप सुटून पडतो; म्हणून निम्मी माती आधी भाजून, तिची पूड उरलेल्या कच्च्या मातीत मिसळ. तिच्यातले लोह वरच्या राखेच्या ग्लेझमध्ये उतरते आणि रेघेची कड विरते, तेव्हा बारीक वेलबुट्टीपेक्षा रुंद फटकारे आणि खोल कोरीव रेघाच त्यावर टिकतील.

पुढच्या भाजणीचे सगळे तुकडे घेऊन ये, वाहून गेलेले आणि तडकलेलेही. त्यांतले चांगले तेवढे निवडून आणू नकोस.